परुळेकरांचं मशीन आणि माझा काथ्या

मी एकदा मोटारगाडी घासली होती. धुतली नव्हे, घासली. पांढरी रांगोळी, ओला काथ्या, कमरेला खोचलेला पदर असा सगळा सरंजाम घेऊन, पितळेचं घंगाळ घासावं तशी. गाडी काळी होती आणि आमची नव्हती.

नातवंडं हे ऐकून लोळून हसतात. मी त्यांना हसू देते, कारण त्या वेळची मी हसण्यासारखीच होते. तिशी नुकतीच ओलांडलेली आणि मुलुंड पूर्वेच्या आमच्या कॉलनीत स्वतःला सर्वांत हुशार समजणारी. माझ्या घरच्या तांब्यात बघून भांग पाडता येई, याचा मला कोण अभिमान. जगातली कुठलीही मळकी वस्तू काथ्याने उजळते अशी माझी श्रद्धा होती. देवावरसुद्धा इतकी नव्हती.

पण ही हकिगत माझी नाही, परुळेकरांची आहे. माझा मूर्खपणा नुसता दारातल्या पायपुसण्यासारखा. त्यावर पाय ठेवल्याशिवाय परुळेकरांच्या घरात शिरता येत नाही.

परुळेकर आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. विम्याच्या ऑफिसात नोकरी, उंच, किडकिडीत, आणि चालताना मान एका खांद्याकडे कललेली. त्यांच्याकडे मोटारीच्या रंगावरचे ओरखडे काढायचं विजेचं मशीन होतं. मोटार नव्हती. स्कूटरही नव्हती. एक सायकल होती, ती इतकी चकचकीत की उन्हात तिच्याकडे बघवत नसे.

त्या काळात आखातातून येणारे लोक टेपरेकॉर्डर आणत, अत्तरं आणत, फुलाफुलांची ब्लँकेटं आणत. परुळेकरांची बायको सुमन मस्कतला इस्पितळात नर्स होती. दोन वर्षांनी एकदा महिनाभर सुट्टीवर यायची. तिने एका खेपेला हे मशीन आणलं. दुधी भोपळ्याएवढं धूड, पुढे गरगर फिरणारी तबकडी, आणि तबकडीला घालायची लोकरीची टोपी. सुमन कायमची परत आली की गाडी घ्यायची असं दोघांचं ठरलं होतं. मशीन आधी आलं. गाडीचं आणि सुमनचं पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला करत चाललं होतं. तोवर घरातलं काय काय चमकवून झालं, मग परुळेकर कॉलनीकडे वळले.

मशीनच्या प्लगचे पाय जाडे, आपल्याकडच्या भोकांत मावायचे नाहीत. परुळेकरांनी ते कापून टाकले आणि उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी दाबून खिडकीतल्या सॉकेटमध्ये बसवल्या. एका रविवारी सकाळी, सगळी कॉलनी हात जोडून टीव्हीपुढे बसलेली असताना, रस्ता मोकळा आहे असं पाहून त्यांनी मशीन चालू केलं. दोन्ही इमारतींचा फ्यूज उडाला. ऐन युद्धाचा प्रसंग होता. बाण सुटला होता, तो कुठे लागला हे आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मग सोसायटीची सभा भरली आणि मालिका चालू असताना मशीन लावू नये असा ठराव एकमताने पास झाला. विरोधात मत द्यायला परुळेकर आलेच नव्हते. ते सेक्रेटरींच्या स्कूटरचा ओरखडा बघत बाहेर बसले होते.

त्या मशीनचा आवाज मला मिक्सरसारखा वाटे. म्हणून मी परुळेकरांचं नाव ‘मिक्सर’ ठेवलं, ते कॉलनीत पसरलं, आणि पाठीमागे सगळे त्यांना मिक्सरच म्हणू लागले. मला आपण फार मोठी वाङ्मयीन कामगिरी केल्यासारखं वाटे.

त्यांची काम करायची पद्धत बघण्यासारखी होती. ते गाडीकडे बघत नसत, गाडीत बघत. म्हणजे पत्र्यात समोरच्या खिडकीचे गज सरळ दिसतात की धुरकट, तेवढंच. त्यासाठीच ती मान कललेली. मग ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडखळलं तर ओरखडा खोल, तिथे मशीनचं काम नाही, सरळ रंगवाल्याकडे जा. नख सरकन गेलं तर परुळेकरांचा चेहरा उजळे आणि तोंडातून घरची मालवणी बाहेर पडे, “अडकना नाय मां? मगे जातलो.” अडकत नाही ना, मग जाणार.

हे नख पुढे पुढे गाडीपुरतं राहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत ते ताटावर फिरे, बँकेत काउंटरवर फिरे. एकदा सासूबाईंशी माझं लोणच्याच्या बरणीवरून वाजलं होतं. परुळेकर पेपर परत करायला आले, माझं सुजलेलं तोंड बघितलं आणि दारातूनच विचारलं, “काय वहिनी, नख अडकलं?” मी म्हटलं, कसलं नख? तर म्हणाले, रात्री झोप लागली ना, मग वरवरचं आहे, जाईल. आणि गेले. मला राग आला. झोप लागली होती, त्याचा जास्त आला.

सगळीच कामं त्यांची साधत असं मुळीच नाही. आमच्या कॉलनीतल्या दातांच्या डॉक्टरांनी आपली निळी गाडी मोठ्या विश्वासाने त्यांच्या हवाली केली होती. कडेला मशीन जरा जास्त वेळ टेकलं आणि रंगाखालचं लाल अस्तर वर आलं. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, “परुळेकर, हिरडी दिसायला लागली.” तेव्हापासून ते कडांना कागदी चिकटपट्टी लावल्याशिवाय मशीनला हात लावत नसत. पण डॉक्टरही पुन्हा गाडी देईनात. कॉलनीत उरलेल्या गाड्या मोजक्या, त्यांचे मालक परुळेकर दिसले की काचा वर करत.

अशात आमच्या कंपाउंडात काळी गाडी आली. ती माझ्या मोठ्या दिरांची. जाऊबाई आदल्या वर्षी गेल्या, त्यानंतर भावोजी गिरगावच्या घरात एकटे पडले होते. लेकीने त्यांना काही महिन्यांसाठी कॅनडाला बोलावून घेतलं. गिरगावात गाडी रस्त्यावर राहिली असती, म्हणून ती आमच्याकडे ठेवली. भावोजींचा त्या गाडीत जीव. निघायच्या दिवशी विमानतळावर त्यांनी माझ्या नवऱ्याला मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. मला वाटलं, भरून आलं असेल. नंतर कळलं, टायरमधली हवा किती ठेवायची ते सांगत होते.

परुळेकरांना ती गाडी दिसली आणि त्यांची तहानभूक हरपली. काळा रंग म्हणजे या कामातलं सर्वांत अवघड, असं ते म्हणत. काळ्यावर काही लपत नाही. रोज ऑफिसला जाताना गाडीशी थांबायचे, मान कलती करायचे. दर रविवारी मला विचारायचे, वहिनी, नुसतं बॉनेट करून बघू? आणि मी दर रविवारी सांगायचे की दुसऱ्याची वस्तू आहे, हिला तुमचा मिक्सर लागायचा नाही. त्यांच्यापासून ती गाडी मी डोळ्यांत तेल घालून जपली.

भावोजी दसऱ्याला येणार होते. आल्याबरोबर गाडीला झेंडूची माळ घालून पूजा करायची हा त्यांचा दरवर्षीचा नेम. नवरात्र बसलं, मी घरातली सगळी भांडी घासली, आणि रविवारी दुपारी सगळे झोपलेले असताना मला वाटलं, आता गाडीही होऊन जाऊ दे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ओली होती तोवर गाडी सुंदरच दिसत होती. बॉनेट झालं, टप झाला, दारं झाली. मी गाणं म्हणत होते. मग ऊन लागलं, पाणी वाळलं, आणि काळ्या गाडीची राखाडी गाडी झाली. अंगभर गोल गोल ओरखडे, जसा काही माझा हात तिथे कायमचा उमटला होता.

तेवढ्यात परुळेकर लुंगी सावरत धावत आले. खिडकीतून त्यांनी मला बघितलं होतं, हाकाही मारल्या होत्या म्हणे, पण मी तान घेत होते. त्यांनी माझ्या हातातला काथ्या काढून घेतला, विंचू धरावा तसा दोन बोटांत धरला आणि गटाराशी नेऊन टाकला. 

माझा नवरा खाली आला. गाडीभोवती एक फेरी मारून पायरीवर बसला. “दादाची गाडी आहे गं ही,” तो म्हणाला. “टोप नाही.”

त्याचा आवाज ऐकून मला प्रथमच भीती वाटली. भावोजींकडे बायको गेल्यानंतर जपण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं ते मी रांगोळीने घासलं होतं. दसरा त्याच आठवड्यात होता. गॅरेजवाल्याला विचारलं, तो म्हणाला, सबंध गाडी रंगवावी लागेल, दिवाळीनंतर आणा.

मग मी, मिक्सर या नावाची जननी, परुळेकरांच्या दारात जाऊन उभी राहिले. वाटेत बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. ते बोलूच दिलं नाही त्यांनी. बाहेर आले, बॉनेटवरून नख फिरवलं, टपावरून फिरवलं, एकेका दारावरून फिरवलं. मी त्या नखाच्या मागे मागे.

“अडकना नाय,” ते म्हणाले. “जातले.”

परुळेकर कधी रजा घेत नसत. वर्षाची सगळी रजा सुमनच्या महिन्यासाठी राखलेली असे. ती मोडून ते दुसऱ्या दिवशी सकाळी वायर घेऊन हजर झाले. आधी गाडी त्यांनी स्वतः धुतली, मला बादलीच्या जवळ येऊ दिलं नाही. कडांना, काचांना चिकटपट्ट्या लावल्या. मग बॉनेटवर चार बोटं पॉलिशची पेस्ट, टोपी टेकवली आणि मशीन सुरू. ते एका जागी थांबवायचं नाही, दाबायचं नाही, रुमालाएवढा भाग घ्यायचा आणि वर-खाली, डावं-उजवं करत राहायचं. थोड्या वेळाने पांढरी टोपी काळी झाली. मी घाबरले, म्हटलं रंग निघतोय. तर म्हणाले, निघायलाच हवा. ओरखडा म्हणजे खळगा, तो काही काढून टाकता येत नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग झिजवून त्याच्या पातळीला आणायचा, की तो दिसेनासा होतो. हे मी स्वयंपाकघरात उभी राहून बराच वेळ घोकलं, का कोण जाणे.

बॉनेटमध्ये आमच्या खिडकीचे गज दिसू लागले. मग गजांवरचा टॉवेल दिसू लागला. मग टॉवेलवरच्या रेघा. सासूबाई खुर्ची टाकून बघायला बसल्या. सेक्रेटरी येऊन फ्यूजबद्दल काही बोलणार होते, ते पत्र्यात स्वतःचा चेहरा बघून भांग नीट करत परत गेले. मी थाळीपिठं करून पाठवत होते. आदल्या रविवारपर्यंत ज्यांना मिक्सर म्हणत होते, त्यांच्या थाळीपिठावर लोण्याचा गोळा ठेवत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकच दार राहिलं, पुढचं डावीकडचं. तिथे परुळेकरांनी मशीन बंद केलं. काचेच्या खाली, दाराच्या पत्र्यावर तळहाताएवढ्या जागेत बारीक बारीक चरे होते. माझे गोल नव्हते, हे आडवे, तुटक, एकावर एक पडलेले. त्यांनी मान कलती केली. बराच वेळ बघितलं आणि विचारलं की या दाराशी कोण बसायचं.

मी म्हटलं, जाऊबाई.

“पाटल्या घालायच्या?”

घालायच्या. आणि तेव्हा मला आठवलं. भावोजी गाडी जोरात हाकू लागले की जाऊबाई बोलायच्या नाहीत. खिडकीतून बाहेर टाकलेल्या हाताने दारावर टकटक करायच्या. भावोजी वेग कमी करायचे. पुन्हा वाढवायचे. पुन्हा टकटक. मागच्या सीटवर बसून मी कितीदा ऐकलं होतं, आणि ते दार घासताना मला त्याची आठवणही झाली नव्हती.

परुळेकरांनी त्या तळहाताएवढ्या जागेभोवती चिकटपट्टीची चौकट केली. मला कळलं, हे तिथे मशीन लावणार नाहीत. आणि इतकं सगळं आठवूनही माझ्या मनात काय आलं असेल? सगळी गाडी आरशासारखी आणि तेवढीच जागा चऱ्यांची राहिली, तर भावोजींना वाटेल, हे चरे माझेच. मी चांगला वाद घातला. घरच्या माणसांनी काय ते ठरवायचं, तुम्ही कोण ठेवणारे, इथपर्यंत गेले. ते चिकटपट्टी अंगठ्याने दाबत राहिले. मग मी त्यांचंच शस्त्र काढलं. दारावरून स्वतः नख फिरवून दाखवलं.

“बघा, अडकत नाही. मग जाणार की नाही?”

“जातले,” परुळेकर म्हणाले. “म्हणानच.”

जाणार, म्हणूनच. मी नख मागे घेतलं. बाकीचं दार मशीनने झालं. मग ते खाली बसले, मऊ फडकं बोटाला गुंडाळलं आणि त्या चौकटीतले माझे ओरखडे तेवढे हाताने, एकेक करून, त्या आडव्या चऱ्यांना धक्का न लावता पुसत राहिले. उन्हं उतरली तरी चाललंच होतं. मशीनचा आवाज नसलेले परुळेकर मी पहिल्यांदा बघत होते. मी त्यांना चहा नेऊन दिला. तो तिथेच गार झाला.

दसऱ्याला सकाळी भावोजी आले. माझ्या नवऱ्याने जिन्यातच सगळं सांगून टाकलं, रांगोळीसकट. मी दाराआड उभी होते.  भावोजी खाली गेले, गाडीभोवती फिरले. बॉनेटपाशी थांबले, टपावर हात ठेवला. चेहऱ्यावरून काही कळेना. मग डाव्या दाराशी आले आणि खाली वाकले. तिथे त्यांनी बोट ठेवलं, आणि ते तसंच राहिलं.

मी वर खिडकीतून बघत होते. माझ्या हातात पूजेचं तबक होतं, ते जड झालं.

भावोजी उभे राहिले. मुठीने त्या जागेवर दोनदा टकटक केलं. मग माझ्याकडे वर बघून म्हणाले, माळ आणा, उशीर होतोय.

संध्याकाळी आपट्याची पानं आणि श्रीखंडाची वाटी घेऊन मी परुळेकरांकडे गेले. सोनं दिलं, त्यांनी दिलं. ते लोकरीची टोपी धुऊन वाळत घालत होते. सकाळी काय झालं ते मी सांगितलं. ते ऐकत होते, हो हो करत होते, पण टोपीचे केस विंचरायचं थांबले नाहीत. आता मला त्यांच्याबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं होतं, आणि चांगलं बोलायची सवय नसल्यामुळे मी इकडेतिकडे बघू लागले. भिंतीशी लोखंडी कपाट उभं होतं. हिरवट रंगाचं, लखलखीत. त्यात माझी काठापदराची साडी, हातातली वाटी, सगळं स्वच्छ दिसत होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या दारातूनच परत फिरले होते, ते कपाट कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, कपाट काय सुंदर ठेवलंयत हो, अगदी नवं वाटतं.

परुळेकरांनी टोपी खाली ठेवली आणि मान कलती करून कपाटाकडे बघितलं.

“आमच्या लग्नातलं आहे, वहिनी. सुमनच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, तो आपटून आपटून कुलपाखाली सगळे चरे पडले होते. मशीन आलं तेव्हा गाडी कुठे होती? म्हणून पहिलं हेच घेतलं. एक ठेवला नाही. पुढच्या खेपेला ती सुट्टीवर आली, इथेच उभी राहिली आणि म्हणाली, ‘नवीन घेतलंत वाटतं.’ मी हो म्हणालो.”